परदेशात स्टिअरिंग हाती घेण्यापूर्वी

शिरूर/दौंड : परदेशी सहल म्हटली, की काही वर्षांपूर्वीपर्यंत डोळ्यांसमोर उभी राहायची ती पर्यटन कंपनीची बस, हातात छोटा झेंडा घेतलेला मार्गदर्शक आणि घड्याळाच्या काट्यावर चालणारा कार्यक्रम. हे चित्र आता बदलू लागले आहे. विमानतळावर उतरायचे, भाड्याची मोटार ताब्यात घ्यायची आणि वाटेल तेथे थांबत, वाटेल तितके पुढे जायचे, या कल्पनेची भुरळ आता केवळ पुण्या-मुंबईच्या पर्यटकांपुरती राहिलेली नाही. शिरूर, दौंडसारख्या तालुक्याच्या गावांतील घरांतही हा बेत शिजू लागला आहे.

मात्र, मोटार चालविता येणे, परक्या देशात ती चालविण्याचा हक्क असणे आणि काही विपरीत घडल्यास त्याची भरपाई करण्याची तजवीज असणे, या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. बेत आखताना बहुतेकांचे लक्ष पहिल्या गोष्टीवर असते. फसगत होते ती उरलेल्या दोन गोष्टींमध्ये.

उदाहरणादाखल एक दांपत्य डोळ्यांसमोर आणू या. पती रांजणगाव औद्योगिक वसाहतीत अभियंता, पत्नी शिरूरच्या शाळेत शिक्षिका, तिचे माहेर दौंडचे. महिन्यातून एकदा तरी न्हावरे, चौफुला, पाटसमार्गे दौंडची फेरी होते आणि स्टिअरिंगवर असतात ते अर्थातच पती. पत्नीकडेही परवाना आहे. तो लग्नापूर्वी काढलेला, माहेरच्या नावाचा. येत्या मे महिन्याच्या सुटीत दहा दिवस परदेशात स्वतः मोटार चालवत फिरावे, असा दोघांचा विचार आहे. स्वित्झर्लंड की न्यूझीलंड, एवढाच निर्णय बाकी आहे, असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात निर्णय बरेच बाकी आहेत.

छोटी पुस्तिका, मोठे काम

वाहन चालविण्याचा आपला परवाना मोटार वाहन कायदा, १९८८ खाली दिलेला असतो. या कायद्याची हद्द भारतापुरती. इतर देशांनी आपला परवाना मान्य करावा, यासाठी जी व्यवस्था आहे, तिचा आधार म्हणजे रस्ते वाहतुकीविषयी १९४९ मध्ये जीनिव्हा येथे झालेला आंतरराष्ट्रीय करार. भारत या कराराचा सदस्य असल्याने आपली परिवहन कार्यालये आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना देतात आणि करारातील इतर देश तो परस्परतेच्या तत्त्वावर मान्य करतात.

हा परवाना म्हणजे वाहन चालविण्याची स्वतंत्र परवानगी आहे, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. मूळ भारतीय परवान्यातील माहिती अनेक भाषांत देणारी ती एक अधिकृत पुस्तिका आहे. मूळ परवाना सोबत नसेल, तर या पुस्तिकेला काहीही अर्थ राहत नाही. पुस्तिकेची मुदत एक वर्षाची किंवा मूळ परवान्याची मुदत संपेपर्यंतची, यांपैकी जी आधी संपेल ती. म्हणजे मूळ परवाना जूनमध्ये संपत असेल, तर मार्चमध्ये काढलेली पुस्तिकाही जूनमध्येच संपते. म्हणून पहिले काम म्हणजे मूळ परवान्यावरील तारीख पाहणे. मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो.

अर्जाची पद्धत पूर्वीपेक्षा बरीच सुटसुटीत झाली आहे. नमुना ४-अ मधील अर्ज परिवहन खात्याच्या 'सारथी' या संकेतस्थळावर भरता येतो आणि त्यासाठी एक हजार रुपये शुल्क आहे. जानेवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने काढलेल्या अधिसूचनेनुसार वैद्यकीय प्रमाणपत्राची आणि अर्जाच्या वेळीच व्हिसा दाखविण्याची अट काढून टाकण्यात आली. काही देश व्हिसा तेथे पोचल्यावर देतात, तर काही अगदी शेवटच्या क्षणी देतात, हे लक्षात घेऊन हा बदल करण्यात आला. परदेशात असतानाच मुदत संपल्यास तेथील भारतीय दूतावासामार्फत अर्ज करण्याची सोयही याच अधिसूचनेने दिली. पुढे २६ ऑगस्ट २०२२ च्या अधिसूचनेने देशभर या पुस्तिकेचा आकार, रंग आणि नमुना एकसारखा करण्यात आला आणि मूळ परवान्याशी जोडणारा क्यूआर कोड त्यावर आला.

दौंड तालुक्यातील वाहनांना 'एमएच ४२' हा बारामतीचा, तर शिरूरच्या वाहनांना 'एमएच १२' हा पुण्याचा क्रमांक मिळतो. त्यामुळे दौंडकरांचे काम बारामतीच्या परिवहन कार्यालयाशी, तर शिरूरकरांचे पुण्यात संगम पुलाजवळच्या कार्यालयाशी येते. आपल्या उदाहरणातील पत्नीचा परवाना दौंडच्या पत्त्यावर काढलेला आहे. तिला आधी पत्ता बदलून घ्यावा लागेल आणि नावाचा प्रश्न तर त्याहून मोठा आहे.

नावातच अडते घोडे

परदेशी भाडे कंपनीच्या काउंटरवर चार गोष्टी समोर ठेवाव्या लागतात : पासपोर्ट, मूळ परवाना, आंतरराष्ट्रीय परवाना आणि क्रेडिट कार्ड. या चारही ठिकाणी नाव सारखे असावे, ही अपेक्षा असते. मराठी घरांत नेमकी येथेच गफलत होते. पासपोर्टवर विवाहानंतरचे नाव आणि सासरचे आडनाव, परवान्यावर वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव, तर क्रेडिट कार्डावर नुसती आद्याक्षरे, असा प्रकार सर्रास आढळतो. येथे विवाहाचा दाखला दाखवून काम भागते. तेथील काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला मात्र तो दाखला मान्य करण्याचे कोणतेही बंधन नाही.

विवाहानंतर नाव बदललेच पाहिजे, असे कायदा म्हणत नाही. त्यामुळे कोणते नाव ठेवायचे, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण जे नाव पासपोर्टवर असेल, तेच परवान्यावर असावे. ही दुरुस्ती आंतरराष्ट्रीय परवान्यासाठी अर्ज करण्यापूर्वी व्हायला हवी. नंतर केली, तर पुस्तिका पुन्हा काढावी लागते.

दुसरी गफलत मोबाईलची. भारतात 'डिजिलॉकर' किंवा 'एम-परिवहन' मधील परवाना पोलिसांना दाखविला, तरी चालतो. २०१८ मध्ये नियमांत झालेल्या दुरुस्तीने त्याला मान्यता दिली आहे. या सवयीमुळे मूळ कार्ड घरातल्या कपाटात राहते. परदेशातील पोलिसांना किंवा भाडे कंपनीला मोबाईलच्या पडद्यावरचा परवाना पुरत नाही. मूळ कार्ड हरवले असेल, तर दुय्यम प्रत आधीच मागवून ठेवावी.

तिसरी गोष्ट वाहनाच्या वर्गाची. परवान्यावर केवळ हलके मोटार वाहन हा वर्ग असेल, तर त्यावर परदेशात दुचाकी चालविता येत नाही. थायलंडच्या किनाऱ्यांवर पासपोर्टच्या प्रतीवर स्कूटर भाड्याने मिळते खरी; पण अपघात झाल्यास विमा कंपनीचा पहिला प्रश्न दुचाकीच्या परवान्याविषयी असतो. तो नसेल, तर रुग्णालयाचे संपूर्ण बिल पर्यटकाच्याच माथी येऊ शकते.

आधी बाजू, मग देश

बहुतेक जण छायाचित्रे पाहून देश निवडतात. स्वतः मोटार चालवायची असेल, तर निवडीची सुरुवात वेगळ्या प्रश्नाने करावी : तेथील वाहने रस्त्याच्या कोणत्या बाजूने चालतात? ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, जपान, मलेशिया, थायलंड, मॉरिशस आणि श्रीलंका या देशांत आपल्याप्रमाणेच डावीकडून वाहतूक चालते आणि स्टिअरिंग उजवीकडे असते. स्वित्झर्लंड, इटली, जर्मनीसह युरोपचा मुख्य भूभाग, अमेरिका आणि संयुक्त अरब अमिरातीत सारे उलटे.

या फरकाचा एक पुरावा शिरूर तालुक्यातच आहे. रांजणगावच्या कारखान्यात २०१७ पासून तयार होऊ लागलेली 'जीप कंपास' ही मोटार येथून ऑस्ट्रेलिया, जपान, ब्रिटन अशा उजव्या स्टिअरिंगच्या देशांना निर्यात झाली. एकाच नावाच्या मोटारीच्या दोन आवृत्त्या कारखान्यांना काढाव्या लागतात. चालकाला मात्र आपल्या हाता-डोळ्यांची दुसरी आवृत्ती एका दिवसात काढता येत नाही. सरळ रस्त्यावर बाजू लक्षात राहते. चूक होते ती पेट्रोल पंपातून बाहेर पडताना, रिकाम्या चौकात वळताना आणि पहाटे निर्मनुष्य रस्त्याला लागताना. पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी डाव्या बाजूचा देश निवडणे म्हणूनच शहाणपणाचे.

त्यानंतर प्रश्न येतो परवान्याच्या मान्यतेचा. ब्रिटनमध्ये पर्यटक आपल्या देशाच्या वैध परवान्यावर बारा महिन्यांपर्यंत मोटार चालवू शकतो. न्यूझीलंडमध्ये इंग्रजीत असलेला परवाना पुरतो. ऑस्ट्रेलियात राज्यागणिक नियम आहेत. मात्र इंग्रजी परवाना असलेल्या पर्यटकाला सहसा अडचण येत नाही. जपानमध्ये १९४९ च्या कराराप्रमाणे काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना अनिवार्य आहे आणि भारताचा परवाना त्याच करारातला असल्याने तो चालतो. इटली आणि संयुक्त अरब अमिरातीतही भारतीय पर्यटकाने तो जवळ बाळगावा लागतो. श्रीलंकेत या पुस्तिकेवर तेथील यंत्रणेची वेगळी मंजुरी घ्यावी लागते. चीनच्या मुख्य भूमीवर आंतरराष्ट्रीय परवाना चालतच नाही. कायद्याने गरज नसलेल्या देशांतही भाडे कंपनी आपल्या अटींनुसार हा परवाना मागू शकते. एक हजार रुपये वाचविण्यासाठी तो टाळणे परवडणारे नाही.

मे महिन्याचे गणित

शाळेच्या सुटीवर बेत अवलंबून असलेल्या कुटुंबांनी आणखी एक हिशेब मांडायला हवा. महाराष्ट्रातील सुटी मे महिन्यात येते, त्या वेळी तेथील रस्ते कसे असतात? स्वित्झर्लंडमधील फुर्का, ग्रिम्सेल, सुस्टेन हे छायाचित्रांतून प्रसिद्ध असलेले उंच घाट हिवाळ्यातील बर्फामुळे बंद असतात आणि ते बहुधा मे महिन्याच्या अखेरीस किंवा जूनमध्ये उघडतात. म्हणजे ज्या घाटासाठी एवढा खर्च केला, त्याच्या पायथ्याशी बंद फाटक पाहून परतण्याची वेळ येऊ शकते.

न्यूझीलंडमध्ये ऋतू आपल्या उलट. तेथे मे म्हणजे हिवाळ्याची चाहूल. क्वीन्सटाउनहून मिलफर्ड साउंडला जाणारा सुमारे २९० किलोमीटरचा रस्ता निसर्गसौंदर्यासाठी ओळखला जातो; पण त्यावर मे ते नोव्हेंबर या काळात चाकांना लावायच्या साखळ्या जवळ बाळगाव्या लागतात. आयुष्यात कधी बर्फावर मोटार न चालविलेल्या चालकासाठी ही परीक्षाच ठरते. जपानमध्ये एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यात सलग सुट्या असल्याने द्रुतगती मार्गांवर मोठी कोंडी होते. याउलट ब्रिटनमध्ये मे महिन्यात दिवस मोठा असतो आणि उत्तरेकडे स्कॉटलंडमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड राहतो.

आपल्या उदाहरणातील दांपत्याने हे गणित मांडले, तर स्वित्झर्लंड आणि न्यूझीलंड ही दोन्ही नावे मागे पडून ब्रिटनचे नाव पुढे येईल. स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्याला वळसा घालणारा 'नॉर्थ कोस्ट ५००' हा मार्ग ५१६ मैलांचा, म्हणजे सुमारे ८३० किलोमीटरचा आहे. बाजू आपलीच, परवाना इंग्रजी, घाट उघडे. तरीही तेथे सारे आपल्यासारखे नाही. वेगाचे फलक मैलांत असतात. ३० चा फलक म्हणजे ताशी सुमारे ४८ किलोमीटर आणि महामार्गावरील ७० ची मर्यादा म्हणजे सुमारे ११२ किलोमीटर. अनेक ठिकाणी रस्ता एकाच मोटारीच्या रुंदीचा आहे आणि समोरून वाहन आल्यास ठरावीक अंतरावर केलेल्या जागेत थांबून वाट द्यावी लागते.

दुसरा चालक कोण?

दांपत्याच्या सहलीत सर्वांत दुर्लक्षित राहणारा प्रश्न म्हणजे दुसऱ्या चालकाचा. 'मीच चालवेन' असे पती सहज म्हणून जातो. दहा दिवसांत हजार-बाराशे किलोमीटर, अनोळखी रस्ते, वेळेतील फरकाने बिघडलेली झोप आणि एकटा चालक, हे समीकरण धोक्याचे आहे. एखाद्या दिवशी पतीला ताप आला, पाठ धरली किंवा पाय मुरगळला, तर निर्जन किनाऱ्यावरच्या गावात मोटार जागीच उभी राहते.

भाडेकरारात ज्याचे नाव आहे, त्यानेच मोटार चालवायची असते. करारात नाव नसलेल्या व्यक्तीने, मग ती पत्नी का असेना, स्टिअरिंग हाती घेतले आणि अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करते. दुसऱ्या चालकाचे नाव नोंदविण्यासाठी काही कंपन्या दिवसागणिक जादा रक्कम घेतात. ती खर्चाच्या अंदाजात धरावी. चालकाचे किमान वय, परवाना मिळून किमान किती काळ झाला आणि ज्येष्ठ चालकांसाठी कमाल वय, याच्या अटी कंपनीगणिक वेगळ्या असतात. पंचवीस वर्षांखालील चालकांना अनेक ठिकाणी जादा भाडे पडते.

नाव नोंदविणे पुरेसे नाही, सरावही हवा. परवाना काढल्यापासून वर्षानुवर्षे मोटारीला हात न लावलेल्या पत्नीने परदेशातील पहिल्याच दिवशी स्टिअरिंग हाती घ्यावे, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे. तिने इथल्याच रस्त्यांवर तीन महिने नियमित चालवावे. युरोपात आणि ब्रिटनमध्ये स्वस्त भाड्याच्या मोटारी बहुधा हाताने गिअर बदलायच्या असतात. ऑटोमॅटिक मोटारीची सवय असल्यास ती आरक्षण करतानाच नमूद करून घ्यावी.

विम्याची खरी परीक्षा

भारतात तृतीय पक्ष विमा कायद्याने सक्तीचा आहे. त्यामुळे 'आपला विमा आहे' या भरवशावर अनेक जण निर्धास्त असतात. आपली मोटार विमा पॉलिसी आपल्या वाहनाची आणि भारताच्या हद्दीतली. जादा हप्ता भरून ती नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव आणि पाकिस्तान या शेजारी देशांपुरती वाढविता येते, ती देखील स्वतःचे वाहन तिकडे नेल्यास. परदेशात भाड्याने घेतलेल्या मोटारीशी तिचा काहीही संबंध नाही.

प्रवास विमा हा दुसरा गैरसमज. युरोपातील शेंजेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय प्रवास विमा लागतो. तो आपल्या उपचारांसाठी असतो. भाड्याच्या मोटारीला पडलेला पोचा किंवा आपल्या चुकीने दुसऱ्याच्या वाहनाचे झालेले नुकसान तो सहसा भरून देत नाही. ती जबाबदारी भाडेकरारासोबतच्या विम्याची.

या करारात सर्वांत बारकाईने पाहायची रक्कम म्हणजे नुकसानीचा आपण सोसायचा पहिला हिस्सा. भारतात खासगी मोटारीच्या दाव्यात हा सक्तीचा हिस्सा इंजिनाच्या क्षमतेनुसार एक किंवा दोन हजार रुपये असतो. त्यामुळे त्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. परदेशात मूळ भाड्यासोबत येणाऱ्या विम्यात हाच हिस्सा हजारो डॉलर किंवा युरोंचा असू शकतो आणि तेवढी रक्कम क्रेडिट कार्डावर आधीच अडकवून ठेवली जाते. कार्डाची मर्यादा कमी असेल, तर मोटारच मिळत नाही. डेबिट कार्ड अनेक ठिकाणी स्वीकारले जात नाही आणि कार्ड मुख्य चालकाच्याच नावाचे लागते. जादा रक्कम भरून हा हिस्सा कमी किंवा शून्य करता येतो. स्वस्त भाड्याच्या जाहिरातीची तुलना ही रक्कम धरूनच करावी.

संपूर्ण विमा घेतला, तरी त्यात काय येत नाही, हेही वाचायला हवे. टायर, काचा, छत आणि मोटारीचा खालचा भाग अनेकदा वगळलेला असतो. खडीच्या रस्त्यावर नेण्यास बंदी असू शकते. डिझेलच्या मोटारीत चुकून पेट्रोल भरले, तर होणारा खर्च चालकाचा. मोटार दुरुस्तीला गेल्याने कंपनीचे बुडालेले भाडेही काही देशांत पर्यटकाकडून वसूल होते. मोटार ताब्यात घेताना चारही बाजूंची, चाकांची आणि काचांची छायाचित्रे काढून घ्यावीत. आधीचा एखादा ओरखडा करारात नोंदवून त्यावर कर्मचाऱ्याची सही घ्यावी. परत करतानाही हेच करावे. पाच मिनिटांचे हे काम महिनाभराचा पत्रव्यवहार वाचविते.

घरी पोचल्यावर येणारी बिले

सहल संपली, छायाचित्रे नातेवाइकांना दाखवून झाली आणि दोन-तीन महिन्यांनी कार्डावर अनोळखी रक्कम वजा झाल्याचा संदेश येतो. हा बहुधा दंड असतो. इटलीतील फ्लॉरेन्ससारख्या शहरांच्या जुन्या भागात ठरावीक वेळेत बाहेरच्या वाहनांना प्रवेश नसतो. तेथे नाका किंवा पोलिस नसतो, फक्त कॅमेरा असतो. रस्ता चुकून दोनदा आत गेल्यास दोन दंड. शिवाय चालकाची माहिती पोलिसांना कळविल्याबद्दल भाडे कंपनी वेगळे शुल्क लावते.

पथकराची पद्धतही सगळीकडे सारखी नाही. स्वित्झर्लंडमध्ये महामार्गासाठी वर्षाचा ४० फ्रँकचा परवाना लागतो आणि तो नसल्यास २०० फ्रँक दंड होतो. भाड्याची मोटार तेथेच घेतली असेल, तर तो बहुधा आधीपासून असतो. शेजारच्या देशातून मोटार आणली, तर पाहावे लागते. लंडनच्या मध्यभागात शिरण्यासाठी गर्दी शुल्क आहे, तर दुबईत 'सालिक' फाटकांखालून गेल्यावर रक्कम आपोआप नोंदली जाते. काउंटरवर विचारायचा प्रश्न एकच : 'पथकर कसा भरायचा आणि तो भाड्यात आहे काय?'

मद्यपानाबाबत तर गय नाही. भारतात १०० मिलिलिटर रक्तामागे ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. इंग्लंडमध्ये ती ८०, तर स्कॉटलंडमध्ये २०१४ पासून ५० मिलिग्रॅम आहे. संयुक्त अरब अमिरातीत थेंबही चालत नाही. पर्यटकांनी मर्यादेचे आकडे पाठ करण्यापेक्षा मोटार चालवायच्या दिवशी मद्याला हात न लावणे हाच एक नियम पाळावा.

सवयी विमानात बसत नाहीत, असे नाही

कागदपत्रे पूर्ण झाली, तरी एक सामान आपल्यासोबत जातेच, ते म्हणजे सवयी. पुणे-नगर रस्त्यावर आणि पुणे-सोलापूर महामार्गावर रोज ये-जा करणारा चालक नकळत काही गोष्टी शिकतो. उसाच्या ट्रॉलीला मागे लाल दिवा नसेल, हे गृहीत धरायचे. दुभाजकाच्या खंडातून कोणी उलट्या दिशेने येईल, याची तयारी ठेवायची. डावीकडून जागा मिळाली, तर तिकडून पुढे जायचे. हॉर्न आणि डिपर हीच भाषा. येथे जीव वाचविणारी ही सावधगिरी आहे. तेथे मात्र यांतील काही सवयी गुन्हा ठरतात.

सर्वांत मोठा फरक वाट देण्याचा. ब्रिटनमधील वर्तुळाकार चौकात उजवीकडून येणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्यायचे असते. फ्रान्स, जर्मनीत फलक नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, मग तो लहान गल्लीतून का येईना. अमेरिकेत चारही बाजूंना 'थांबा' फलक असलेल्या चौकात जो आधी थांबला, तो आधी निघतो आणि शाळेच्या थांबलेल्या बसला ओलांडून जाणे गंभीर गुन्हा मानला जातो. न्यूझीलंडमध्ये एकपदरी पुलांवर फलकावरील लहान, लाल बाण ज्याच्या दिशेचा, त्याने थांबायचे. झेब्रा पट्ट्यांवर पाऊल टाकलेल्या पादचाऱ्यासाठी या सर्व देशांत वाहन थांबते.

हे नियम काटेकोर का आहेत, हे आकड्यांवरून कळते. २०२२ या वर्षात भारतातील रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी ग्रेट ब्रिटनमध्ये हा आकडा सुमारे सतराशे होता. लोकसंख्येतील मोठा फरक लक्षात घेतला, तरी दरी कायम राहते. तेथील चालक समोरचा नियम पाळणारच, असे धरून चालवितो. म्हणूनच नियम मोडणारा पाहुणा त्याच्यासाठी अधिक धोकादायक ठरतो.

अपघात झालाच तर

वाहन सुरक्षित जागी थांबवून धोक्याचे दिवे लावणे, जखमींना मदत आणि पोलिसांना दूरध्वनी, हा क्रम सगळीकडे एकच. युरोपभर ११२, न्यूझीलंडमध्ये १११, ऑस्ट्रेलियात तीन शून्ये, तर जपानमध्ये पोलिसांसाठी ११० आणि रुग्णवाहिकेसाठी ११९ हे क्रमांक आहेत. जागेवरच पैसे देऊन प्रकरण मिटविण्याचा मोह टाळावा. जपानमध्ये पोलिसांच्या नोंदीवाचून विम्याचा दावा उभा राहत नाही आणि अमिरातीत पोलिसांच्या कागदाशिवाय कोणतीही कार्यशाळा मोटारीला हात लावत नाही. आपली चूक असल्याचे लेखी देण्यापूर्वी आणि न समजणाऱ्या भाषेतील कागदावर सही करण्यापूर्वी भाडे कंपनीच्या मदत क्रमांकाशी बोलावे.

असे असावे वेळापत्रक

चार महिने आधी दोघांच्या पासपोर्ट आणि परवान्यांवरील नावे, पत्ते आणि मुदती तपासून दुरुस्तीचे अर्ज करावेत. तीन महिने आधी बाजू, ऋतू आणि परवान्याची मान्यता पाहून देश ठरवावा आणि दुसऱ्या चालकाचा सराव सुरू करावा. व्हिसाच्या अर्जासोबत मुक्काम ठरवावेत. दिवसाला दोनशे किलोमीटरपेक्षा अधिक अंतर ठेवू नये. दीड महिना आधी आंतरराष्ट्रीय परवाना काढावा. आरक्षण करताना दुसरा चालक, विम्यातील पहिला हिस्सा आणि रद्द करण्याच्या अटी लेखी घ्याव्यात. पोचल्याच्या दिवशी मोटार घेऊ नये. एक रात्र झोप काढून, दिवसाउजेडी आणि शक्यतो शहराच्या बाहेरच्या शाखेतून ती ताब्यात घ्यावी.

हे सारे वाचून एखाद्याला बसची सहलच बरी, असे वाटेल. तसे वाटण्यात गैर काही नाही. सहल कोणत्या पद्धतीने करायची, हा आवडीचा प्रश्न आहे. पण स्वतःच मोटार चालवायची, असे ठरले असेल, तर तिकिटांच्या आधी परवाना बाहेर काढावा. आपल्या उदाहरणातील दांपत्याचा प्रवास एडिंबरोच्या विमानतळावर सुरू होणार नाही. तो सुरू होईल पुढच्या रविवारी, न्हावरे-चौफुला रस्त्यावर, पत्नी स्टिअरिंगवर आणि पती शेजारच्या आसनावर बसून गप्प राहण्याचा सराव करीत असताना.